दीडशे ग्रेनचा बार

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारपासून १० दिवस ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करता येते. १४ वर्षांच्या मुलीने शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स पूर्ण केला आणि हट्टच धरला. मला स्वतःला यातलं काही येत नव्हतं.

.५० कॅलिबरची हलकी बंदूक आणली. दुकानदार म्हणाला, दारूच्या ५० ग्रेनच्या तीन वड्या आणि २९५ ग्रेनची गोळी घाला. मलाही वाटलं, जास्त दारू म्हणजे खात्रीचं काम.

पहिल्याच बाराला दुर्बीण तिच्या भुवईवर आपटली. दुसऱ्या दिवशी खांदा काळानिळा. पुढच्या शनिवारी ती चाप ओढायच्या आधीच डोळे मिटू लागली. गोळी कागदालाही लागेना. "बाबा, मला नाही जमत," म्हणाली. चूक माझी होती, पण ते कबूल करायला मला दोन दिवस लागले.

शेजारचे आजोबा जुने शिकारी. त्यांनी समजावलं की या बंदुकीत धक्का नुसत्या गोळीचा नसतो. दारूही नळीतून बाहेर फेकली जाते, तिचंही वजन धरायचं. शिवाय वड्या कमी करायच्या तर एकदम ५० ग्रेन कमी होतात; सुटी दारू पाच-पाच ग्रेननेही बदलता येते. बंदुकीचं माहितीपत्रक वाचून आम्ही सुटी दारू ६० ग्रेन आणि गोळी २५० ग्रेनची ठरवली.

दारू वेगळ्या मापाने मोजायची, डब्यातून थेट नळीत ओतायची नाही. बिनधुराची दारू तर कधीच नाही, नळी फुटते. बार भरलाय की नाही ते कळायला गजावर खूण केली. दस्त्याला रबरी गादी लावली. डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब ठेवायला शिकवलं. टेबलावरून बार केला की धक्का जास्त जाणवतो, म्हणून सराव उभ्यानेच, आधार घेऊन.

नव्या बाराने गोळी खाली लागू लागली. ५० यार्डांवर दुर्बीण पुन्हा जुळवली. तिसऱ्या शनिवारी तिचे डोळे उघडे राहिले. मग ७० ग्रेनवर गेलो, तिथेच थांबलो. ७५ यार्डांपलीकडे बार करायचा नाही, असंही ठरलं.

हंगामात एक हरिणी दिसली, पण शंभर यार्डांवर. मी असतो तर चाप ओढला असता. ती हळूच म्हणाली, "लांब आहे, बाबा."

संध्याकाळी बार मातीच्या ढिगात मोकळा केला. नळी त्याच रात्री गरम पाणी आणि साबणाने धुवावी लागते, नाहीतर गंजते. ते काम तिने माझ्यावर सोडलं.