आईच्या ठेवीतले दोन लाख

ती. दादास,


आईच्या ठेवीतले दोन लाख आमच्या वाचनवर्गाला द्यायचं तू आणि वहिनींनी ठरवलंत, त्याचा आनंद झालाच. पण ते कशावर खर्चायचे, यावर माझं तुझ्याशी पटत नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते.

तुला दोन कपाटं, गोष्टींची पुस्तकं आणि वर आईच्या नावाची पाटी हवी आहे. कपाटं आमच्याकडे तीन आहेत. तिन्ही मार्चमध्ये आली. कंपन्यांना नफ्यातले सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामाचे, दोन टक्के आर्थिक वर्षात संपवायचे असतात, मग फेब्रुवारीअखेर कुणाचा तरी फोन येतो, ‘काही वस्तू हव्यात का?’ वस्तूच. त्यांचा फोटो निघतो ना! मार्च-एप्रिल मुलांच्या परीक्षा, मेमध्ये निम्मी वस्ती गावाला. वर्ग खरा भरतो जूनमध्ये, तोवर कंपनीचं वर्ष बदललेलं असतं आणि कधीकधी साहेबही. पुस्तकांचंही तसंच. प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं स्वस्तात मिळतात, त्यांच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर तर फुकट वाचता येतात.

‘तुमच्याकडे सगळे स्वयंसेवक, म्हणजे खर्च असा नाहीच,’ असं तू लिहिलंस. इथेच गाडी अडते.

आमच्याकडे चौथीतली एक मुलगी येते. घरी वडारी बोलतात. पहिल्या दिवशी तिने धडा घडाघडा म्हटला, ओळीवर बोट ठेवून. मी तिचं बोट उचलून दोन ओळी खाली ठेवलं, तरी तोंडात मागचीच ओळ चालू. सगळं पाठ! ‘पाऊस’ हा सुटा शब्द दिला, तर ‘प ला काना पा’ म्हणून थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. अशा मुलीला तीच ताई, ठरल्या वेळी, आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने लागते. दर आठवड्याला नवी ताई आली, की ही तोच धडा म्हणून दाखवते आणि ताई खूश होऊन घरी जाते.

स्वयंसेवक मनाने चांगलेच असतात रे. पण कॉलेजच्या मुलींच्या परीक्षा येतात, निवृत्त बाई नातवंडांकडे जातात. तेव्हा सगळं सांभाळते ती वस्तीतलीच एक बारावी झालेली मुलगी. कोण येणार, कोण नाही, हे सकाळीच फोन करून विचारते. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट यातल्या कुठल्या पायरीवर कोण आहे, ते तिच्या वहीत असतं. धाकट्या भावाला कडेवर घेऊन नळावर उभ्या असलेल्या पोरींना तीच हाताला धरून आणते. नव्या स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी तिच्याकडे, समाजमंदिराची किल्लीही तिच्याकडेच. तिचं मानधन दरमहा सहा हजार, आणि नेमके तेवढेच पैसे कुणी देत नाही. देणगीदाराच्या भाषेत तो ‘प्रशासकीय खर्च’!

मानधन घेणारं माणूस लागतं, हे माझ्या एकटीच्या मनातलं नाही. ‘प्रथम’ ही संस्था मुंबईच्या वस्त्यांतून वाढली. 2001 ते 2003 मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात तिच्या बालसखींचं काम तपासलं गेलं. त्या वस्तीतल्याच तरुण मुली होत्या, त्यांना थोडं का होईना मानधन मिळे, आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पुढे उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात बिनपगारी स्वयंसेवकांची वाचन-शिबिरं झाली. तीही तपासली, तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं. ज्यांना आधी काहीच वाचता येत नव्हतं, ती शिबिरात आलेली सगळी मुलं शेवटी निदान अक्षरं ओळखू लागली. म्हणजे शिकवण्यात खोट नव्हती. पण त्या गावांतल्या शंभर मुलांतली आठच शिबिरात आली. बाकीच्यांना घरातून उठवून आणायला माणूस नव्हतं, असं मला वाटतं. तुला वेगळं वाटत असेल तर भांडू, पण आकडा तोच राहील.

तू बँकेत जन्म काढलास, हिशेब तूच कर. दोन लाखांत त्या बारावी झालेल्या मुलीचं मानधन पावणेतीन वर्षं निघतं. चौथीतली ती मुलगी तोवर सातवीत जाईल. कपाट घेतलंस तर ते गंजेपर्यंत राहील, हे कबूल, पण त्याला दार उघडून देणारं कुणी लागतं. आणि पाटीचं आईला काय वाटलं असतं, ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. देवळाच्या पायरीवर नाव कोरायला निघालेल्या काकांना तिने काय सुनावलं होतं, आठव.

चेक संस्थेच्या नावाने काढ, दोन हजारांच्या वर रोख देणगी दिलीस तर तिची करसवलत मिळत नाही. तू नवी करप्रणाली घेतली असशील तर ती तशीही मिळणार नाही, तेव्हा त्या मोहाने देऊ नकोस. पॅन नंबर मात्र कळव, पावतीला लागतो.

गुरुवारी पाचला वर्ग असतो. वहिनींना घेऊन ये. आणि वर्ग सांभाळणाऱ्या त्या मुलीला तिच्या तोंडावर ‘पगार किती?’ विचारू नकोस. तू विचारशील, म्हणून आधीच लिहिते.

तुझी,
माई