सहस्रकुंड आणि जीवाणी



माझी भाची परदेशात सेवेला गेली आहे. तिथल्या जंगलातल्या धबधब्यांचे फोटो ती पाठवते. आम्हा बाळापूरकरांना मात्र असा धबधबा बघायला समुद्र ओलांडावा लागत नाही. किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. यंदा दशलक्षण पर्वानंतर आमच्या महिला मंडळाच्या बायका तिकडच्या एका वाडीत डोळे तपासणी शिबिराला मदत करायला गेल्या, त्यात मीही होते.

त्या भागात गोंड, कोलाम, आंध अशी आदिवासी वस्ती. कुणी गोंडीत बोलतं, कुणी कोलामीत. माझ्याकडे काम साधं होतं. नाव लिहायचं, सुई-दोरा हातात द्यायचा आणि ओवता येतो का पाहायचं. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, त्यांना तिथल्या तिथे चष्मा. मोतीबिंदू असेल तर तो चष्म्याने किंवा थेंबांनी जात नाही, त्याला शस्त्रक्रियाच करावी लागते. एका आजींनी चष्मा लावून पहिल्याच झटक्यात दोरा ओवला आणि सुई आपल्या पदराला खोचून घेतली. मागायची हिंमत मला झाली नाही!

दुपारी काम आटोपल्यावर सगळ्या सहस्रकुंडाला निघालो. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी व्हायला हवं म्हणून दशम्या आणि चटणी सोबतच होती. काळ्या खडकांवरून पाण्याच्या कितीतरी धारा कोसळत होत्या. शेजारी उभ्या बाईचं बोलणं ऐकू येईना. खडक शेवाळलेले, म्हणून आम्ही महादेवाच्या मंदिराच्या बाजूनेच पाहिलं.

वाट दाखवायला त्या आजीच आल्या होत्या. म्हणाल्या, "पाणी पाहाया आता कामून आल्या माय? उन्हाळ्यात या. निस्ते दगड राहतेत. हंडा घेऊन लई लांब जावं लागते."

मी गप्प झाले. हीच पैनगंगा वर इसापूरला धरणात अडवलेली आहे. तिच्या कालव्यावर आमच्याकडची हळद, ऊस, केळी पिकतात. खाली उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. धरण वाईट, असं मी म्हणणार नाही, आमचं घर त्याच शेतीवर चालतं. पण आजींचा हंडाही खोटा नाही.

आमच्या सासूबाई पाणी गाळल्यावर कापडावर राहिलेली जीवाणी कडीच्या बादलीने अलगद त्याच विहिरीत सोडायच्या. ज्या पाण्यातून जीव आले, त्याच पाण्यात ते परत गेले पाहिजेत, हा नियम. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची एवढी काळजी घेणारे आपण, नदीच्या खालच्या अंगाला राहणारी माणसं कशी विसरायची? गरजेपेक्षा जास्त पाणी वापरणं हा तर आपल्याकडे अनर्थदंडच.

घरी आल्यावर यजमानांशी बोलले. यंदा हळदीच्या निम्म्या रानाला तरी ठिबक करायचं ठरलंय. आणि मंडळाने पुढचं शिबिर चैत्रात घ्यायचं नक्की केलंय. मोतीबिंदूच्या सात जणांची विचारपूस होईल. धबधबा तेव्हा नसेल. ज्यांना यायचंय त्यांनी आत्ताच कळवा, गाडी ठरवायची आहे.