ओढा

माझ्या जिप्सीवर ड्रायव्हरच्या बाजूला, समोरच्या काचेच्या खांबापाशी, दहा सेंटिमीटरचा एक पांढरा गोल रंगवलेला आहे. गोलाला लाल कड, आत लाल रंगात इंग्रजी ‘ई’. त्याखाली, जरा उजवीकडे कललेल्या अक्षरांत, ‘ओढा’. शेजारी एक लाल कडी. गाडी पहिल्यांदा पाहणारा हटकून विचारतो, ‘कुठला ओढा हो?’ पावसाळ्यात चिखला-ओढ्यातून जाण्यासाठीच ही गाडी बदलून घेतली आहे, त्यामुळे प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण ते आज्ञार्थी क्रियापद आहे आणि ते उद्यमनगरातल्या आप्पांनी लिहिलं आहे.

१९९८ची ही जिप्सी किंग, १३०० सीसीची. मी ती जुनी घेतली आणि हौसेनं तिचा अवतार पालटत गेलो : मोठी चाकं, पुढं विंच, वर चार दिवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा हौशीबद्दल काय लिहिलंय हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि मी बँकेत नोकरीला होतो, म्हणजे नियम वाचता येत नव्हते असं नाही. असो.

जुलै २०१०. कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे हिच्या माहेरी कणकवलीला निघालो होतो. करूळ घाटात धुकं इतकं की बॉनेटचं टोक दिसेना. मी वरचे चारही दिवे लावले. पाच-सात मिनिटांत प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, मग डॅशबोर्डच्या फटीतून धूर, आणि मग माझ्या पायापाशी, क्लचच्या वर, एक पिवळी जीभ. ही उडी मारून उतरली. मी मागं धावलो. आग विझवायचा डबा माझ्याकडे होता! डिओडरंटच्या बाटलीएवढा, मागच्या बाजूला, आंब्याच्या लोणच्याच्या बरणीखाली, दोन बॅगांच्या आड. बॅगा उपसताना माझे हात कसे थरथरत होते ते अजून आठवतं.

घाट चढून येणारी एसटी थांबली. ड्रायव्हर लाल सिलिंडर हातात घेऊनच उतरला. ‘दिवे बंद करा, किल्ली काढा’ एवढंच म्हणाला. सगळी पावडर एकदम न सोडता त्यानं डॅशबोर्डखाली दोनदा थोडी थोडी मारली. मी बॉनेट उघडायला गेलो तर ओरडला, ‘सगळं उघडू नका, वारा लागंल!’ बॉनेट बोटभर उचलून त्या फटीतून त्यानं उरलेली मारली. कंडक्टरनं पक्कड आणून बॅटरीची वायर सोडवली. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील. मी पाकीट काढलं तर तो सिलिंडर हलवून बघत होता. ‘रिकामा झाला. आता डेपोत लिहून द्यावं लागतंय,’ म्हणाला, आणि पैशाकडे न बघता, ‘घरी पोचा नीट.’ बस धुक्यात गेली. कुठल्या डेपोची ते मी पाहिलं नाही. नाव विचारायचं तर सुचलंच नाही. पुढं दोनदा गगनबावड्याच्या स्टँडवर जाऊन चौकशी केली. नुसत्या वर्णनावरून कोण सापडणार?

कोल्हापूरला गाडी ओढून आणली आणि एका मित्रानं आप्पांकडे नेलं. आप्पांचा कारखाना म्हणजे एक लेथ, एक वेल्डिंग सेट, आणि पाइप वाकवायचा हाताचा डाय. साखर कारखान्यांची आणि गुऱ्हाळांची दुरुस्ती हा मूळ धंदा, रॅलीवाल्या पोरांना रोल केज करून देणं हा नाद. मी सांगितलं, ‘आप्पा, गाडीत चांगली फायर सिस्टिम बसवायची आहे.’ त्यांनी डॅशबोर्ड उतरवला, बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, ‘ह्ये कुणी केलंय?’

ज्यानं केलं होतं त्याचं नाव मी इथंही घेत नाही. चार दिव्यांची वायर त्यानं थेट हेडलाइटच्या स्विचवरून काढली होती, रिले नाही. आप्पांनी खडूनं फरशीवर गणित मांडलं. चार दिवे, शंभर-शंभर वॉटचे, झाले चारशे. भागिले बारा. तेहतीस अँपिअर. कंपनीच्या दिव्यांना दहा-अकरा पुरतात, त्या हिशेबाचा स्विच, त्या हिशेबाची वायर. विंचची जाड वायर बॅटरीवरून पत्र्याच्या भोकातून आत आली होती, भोकाला रबर नाही, पत्र्याच्या धारेनं वायरचं आवरण अर्धं कापलेलं, आणि बॅटरीपाशी फ्यूज नाही. पेट्रोलचा रबरी पाइप त्यांनी बोटांत दाबला तर कडक होऊन तडकला होता.

‘सायेब, आदी ह्ये सगळं सोडतो. बाटलीचं मागनं बघू.’

तीन आठवडे त्यांनी बाटलीचा विषय काढू दिला नाही. प्रत्येक वायरला रिले, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, प्रत्येक भोकाला रबर, नवे पाइप, नव्या क्लिपा, आणि बाहेरून फिरवता येईल असा बॅटरीचा कटऑफ. मी आतून चडफडत होतो. मला लाल बाटली हवी होती.

बाटली कसली घ्यायची यावर मी बरंच वाचून गेलो होतो. रॅलीतली जुनी माणसं हॅलॉन वायूचं कौतुक करायची, पण ओझोनच्या थरासाठी माँट्रियल करारानं त्याचं उत्पादन बंद पडलेलं. कार्बन डायऑक्साइड उघड्या जिप्सीत वाऱ्यावर उडून जाणार आणि बंद केबिनमध्ये माणसालाच गुदमरवणार. उरली पावडर आणि फोम. पावडर स्वस्त, कुठंही मिळणारी. आप्पांनी वाद घातला नाही. मुदत संपलेला एक पावडरचा सिलिंडर घेतला, भंगारातल्या मारुती व्हॅनमध्ये मला बसवलं, काचा वर केल्या, आणि दाराच्या फटीतून नुसता अर्धा सेकंद दाबला. मला माझा हात दिसेना. दाराची कडी शोधायला जो वेळ लागला तो मला फार मोठा वाटला. खोकत बाहेर आलो तर आप्पा म्हणाले, ‘बाहेरनं मारायला ब्येस हाय. आत नगं.’

फोमकडे त्यांचा कल का, हे त्यांच्या डाव्या हातावर लिहिलेलं होतं, मनगटापासून कोपरापर्यंत चकचकीत, ओढल्यासारखी कातडी. वडील गुळव्या होते. लहानपणी गुऱ्हाळात चुलवाणापाशी रॉकेल सांडून पेटलं आणि या पोरानं त्यावर घागरभर पाणी ओतलं. पेटतं रॉकेल पाण्यावर तरंगत त्याच्याकडेच आलं. मोटारींच्या सिस्टिममध्ये जो फोम वापरतात तो पेट्रोलवर पातळ पापुद्र्यासारखा पसरतो, वाफ वर येऊ देत नाही, शिवाय त्यातलं पाणी तापलेला पत्रा निववतं. हे मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते हाताकडे न बघता म्हणाले, ‘मग ह्येच की.’

चार लिटरची, केबलनं ओढायची फोम सिस्टिम पुण्याच्या एका रॅलीवाल्या मित्राच्या ओळखीनं मिळाली. विजेवर चालणारीही मिळत होती, बटण दाबलं की सुटणारी. जिची वायरिंग एकदा जळली आहे त्या गाडीत आग विझवायला पुन्हा वायरिंगवरच भरवसा ठेवायचा, हे दोघांनाही पटेना.

भरलेली बाटली सात किलोच्या आसपास. मी म्हटलं, चार स्क्रू मारून सीटमागं बसवू. जागतिक मोटार महासंघाच्या नियमात लिहिलंय की बाटलीचा आधार पंचवीस जी इतका झटका सोसणारा हवा. आप्पांना जी म्हणजे काय ते सांगितलं. ‘म्हंजे साताचं किती?’ पावणेदोनशे किलो. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. ‘दोन पैलवान. दोन पैलवान मागनं टकुऱ्यात बसायचं.’ मग जमिनीच्या पत्र्याला वरून आणि खालून तीन मिलिमीटरच्या पट्ट्या, आरपार बोल्ट, आणि लोखंडी पट्टे. दाराजवळच्या हातातल्या दोन किलोच्या पावडरच्या सिलिंडरलाही त्यांनी प्लॅस्टिकचा क्लॅम्प ठेवू दिला नाही.

अ‍ॅल्युमिनियमची नळी वाकवताना चेपू नये म्हणून त्यांनी ती चाळलेल्या वाळूनं ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या मारल्या आणि पुलीभोवती सावकाश फिरवली. नंतर वाळू काढण्यात अर्धा दिवस गेला. कॉम्प्रेसरची हवा मारायची, समोर ओला कागद धरायचा, कागदावर एकही कण चिकटेना होईपर्यंत. एक कण नॉझलमध्ये अडकला की संपलं. दोन नॉझल इंजिनवर, दोन आत पायांकडे. तोंडावर फवारा नको, हा नियम पुस्तकात आहे. आप्पांनी तो पुस्तकाशिवाय पाळला.

आतली कडी मी डॅशबोर्डवर, शोभेल अशा जागी धरली होती. आप्पांनी मला सीटवर बसवून पट्टे आवळले आणि म्हणाले, ‘आता डोळं झाका आणि हात घाला.’ हात स्टीअरिंगवर आपटला. दुसऱ्या जागी गिअरवर. सहाव्या जागी, दोन सीटांच्या मध्ये जरा पुढं, हात आपोआप गेला. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, ‘वैनीस्नी बोलवा.’ हिला बोलावून शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टे बांधले, डोळे मिटायला लावले. मी बेशुद्ध असलो तर, हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. कडी आणखी चार बोटं डावीकडे सरकली.

बाहेरच्या कडीला गोल रंगवायची वेळ आली. मी सांगितलं, नियमाप्रमाणे ‘ई’ हवा. ‘ई कशाचा?’ एक्स्टिंग्विशरचा. आप्पा हसले. ‘गगनबावड्याच्या गुराख्याला काय कळणार ओ तुमची ई? काय करायचं त्येवढं लिवतो.’ परकार घेऊन गोल काढला, ब्रश बुडवला आणि थांबले. ‘वढा लिवू का ओढा?’ ही म्हणाली, ओढा. पुढं एका ऑफरोड स्पर्धेच्या तपासणीला अधिकाऱ्यानं गोल मोजला, ‘ई’ बघितला, खालचं वाचलं आणि काही न बोलता फॉर्मवर खूण केली.

बिलात पट्ट्या, बोल्ट, क्लिपा, रंग होता. मजुरी नव्हती. विचारलं तर म्हणाले, ‘वायरिंगची घेतली की तवा. ह्येची न्हाई घेत.’ बँकेत माणसाकडून येणं कसं वसूल करायचं हे मी शिकलो होतो. देणं कुणी घेतच नसेल तर काय करायचं, याचं परिपत्रक आमच्याकडे नव्हतं.

त्या दिवसांत वाचलेली एक गोष्ट मी त्यांना सांगितली होती. २९ जुलै १९७३, हॉलंडमधली झांडफोर्टची शर्यत. रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली आपली गाडी सोडून धावला, एकट्यानं ती सरळ करू लागला, एक सिलिंडर रिकामा केला. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे आगीत शिरण्याजोगे कपडे नव्हते. बाकीच्या ड्रायव्हरांना वाटलं, पर्ली हाच त्या गाडीचा ड्रायव्हर, तो तर सुखरूप दिसतोय. शर्यत चालू राहिली. विल्यमसन गेला. आप्पा बराच वेळ बिडी न पेटवता बसले. मग म्हणाले, ‘आणि तुमचा त्यो यष्टीवाला थांबला.’

फोमची कडी आजवर ओढावी लागलेली नाही. दोन किलोचा सिलिंडर मात्र २०१६ साली किणी टोलनाक्याच्या अलीकडे एका भाजीच्या टेम्पोवर रिकामा झाला. आग विझली, आणि मिनिटाभरात पुन्हा भडकली, कारण पावडर काही थंड करत नाही. दुसरा सिलिंडर मागच्या ट्रकवाल्याचा. टेम्पोवाल्यानं नाव विचारलं. मी काय सांगितलं ते आठवत नाही. घाईत होतो.

रिकामा सिलिंडर घेऊन आप्पांकडे गेलो. फोमची बाटली दर दोन वर्षांनी तपासायची असते, तेव्हा ते शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ती ठेवून वजन मार्करनं बाटलीवर लिहीत. पावडरचा सिलिंडर अधूनमधून उलटा करून बुडावर थोपटायचा, नाहीतर रस्त्याच्या हादऱ्यांनी पावडर खाली बसून दगड होते, हेही त्यांचंच. त्या दिवशी त्यांनी सिलिंडर नुसता हातात तोलला. ‘समदा मारलासा?’ म्हटलं, समदा. त्यांनी पुतण्याला भरून आणायला पाठवलं आणि चहा सांगितला.

कारखाना आता पुतण्याच बघतो. आप्पा घरी असतात, हात कापतो, कपातला चहा बशीत सांडतो. गेल्या दिवाळीआधी मी जिप्सी रंगवायला दिली. पेंटर पॉलिश पेपर घेऊन फिरत फिरत त्या गोलापाशी आला. म्हणाला, हे घासून टाकू, रेडियमचा चकाचक स्टिकर मिळतो, अक्षर पण सरळ येईल. मी त्याच्याकडून टेप मागून घेतली आणि तो गोल खालच्या अक्षरांसकट स्वतः झाकला.