सांध्यातलं पाणी

माझा मामा धरमतरचा. तर म्हणजे माणसांना खाडीपार नेणारी होडी. गावाच्या नावातच ती बसलेली आहे. आजोबा मचवे दुरुस्त करायचे. अंबेच्या खाडीतून मीठ, भात, कौलं वाहणारा मचवा ओहोटीला चिखलात कलता झाला, की ते त्याच्या पोटाखाली शिरत. कुजकी फळी काढायची, नवी बसवायची, फटीत कापूस ठासायचा, वरून राळ. हे सगळं मामा दहाव्या वर्षीच शिकला. पुढे खाडीवर पूल झाला, ट्रक आले आणि मचवे एकेक करत काठावरच कुजून गेले. शिकलेलं काम हातात राहिलं, करायला मचवा उरला नाही. मग मामा नेरळला गेला आणि माथेरानच्या गाडीचे डबे दुरुस्त करायला लागला.

आमच्या पेण-रोह्याकडे तेव्हा रेल्वे नव्हती. रोह्यापर्यंत रूळ पोचले ते १९८६ साली. त्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलो तो माथेरानच्या दोन फुटी रुळांवर. एसटीनेच पेणहून खोपोली, पुढे कर्जत, मग नेरळ. सर आदमजी पीरभॉय यांनी १६ लाख रुपये घातले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम काढलं आणि १९०७ साली गाडी डोंगर चढली, हे मामा घरातल्या गोष्टीसारखं सांगायचा. वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा तो चढ. एकच बोगदा, आणि तोही सुरू होता होता संपणारा.

पावसाळ्यात घाटातली गाडी बंद व्हायची आणि मामाचा खरा हंगाम सुरू व्हायचा. एका जुलैत आईने मला त्याच्याकडे धाडलं होतं. शेडच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता. आत एक डबा उघडा करून ठेवलेला, बाकं काढलेली, एका बाजूच्या फळ्या उतरवलेल्या, नुसता सांगाडा. मामा बोटाच्या पेराने एकेक फळी ठोकून बघत होता. धड फळी टणक वाजायची, कुजलेली बद्द. वरून रंग मात्र दोन्हींचा सारखाच चकचकीत.

"पाणी वरून नाही येत रे," तो म्हणाला, "सांध्यातून शिरतं. मचव्याचं तेच, हिचं तेच."

मग त्याने खिडकीखालची एक पट्टी सोडवली आणि कापलेलं टोक मला दाखवलं. बाहेर निळा रंग, त्याच्याखाली पिवळट, त्याच्याखाली तांबडा, मग पुन्हा निळा, आणि सगळ्यांच्या आत सागवान, तेलकट आणि कोरडं ठणठणीत. चार वेळा कुणीतरी हा डबा नव्याने उभा केला होता. मामाचा हात पाचवा.

डब्यांच्या मधे ब्रेकवाले बसायचे, बाहेर, उन्हावाऱ्यात. इंजिनाची शिट्टी झाली की सगळे एकदम हातचाकं आवळायचे आणि आख्खी गाडी उतारावर अंग चोरून घ्यायची. मामा सांगायचा, डबा मी बांधला तरी त्याला उतारावर सांभाळतात ते हे लोक. वाफेची इंजिनं १९८२ साली थांबली तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही, असं मामी सांगते. मला त्यात काही नवल वाटत नाही.

२००५ च्या २६ जुलैला घाटातले रूळ वाहून गेले. २०१६ च्या मे महिन्यात दोनदा डबे घसरले, गाडी बंद झाली. ती पुन्हा धावायला लागली आणि २०१९ च्या पावसाने पुन्हा थांबवली. मामा निवृत्त होऊन कधीचा धरमतरला परतला होता, तरी पेणहून कुणी आलं की पहिला प्रश्न तोच, "गाडी सुरू झाली का?" २०२१ च्या श्रावणात तो गेला. गाडी सुरू झाली २०२२ च्या ऑक्टोबरात.

मी गेलो. नवे डबे, मोठाल्या काचा, हवेचे ब्रेक. डब्यांच्या मधे कुणी बसलेलं नव्हतं. गाडी सुरक्षित झाली हे चांगलंच झालं, मामानेही तेच म्हटलं असतं. पण बसल्या जागी मी खिडकीखाली पेराने ठोकून पाहिलं. पत्रा वाजला.

त्या जुलैतली पट्टी आणि तिच्या जोडीच्या दोन फळ्या भंगारात निघाल्या, तेव्हा मामाने वजनावर पैसे भरले, पावती घेतली आणि त्या घरी आणल्या. रंधा मारून, रंग उतरवून त्याने आईला गणपतीचा पाट करून दिला. एका कडेला मात्र रंगाचे चारही थर त्याने मुद्दाम तसेच ठेवले. मूर्ती आमच्याच पाटावर बसवून मिळावी म्हणून तो दर वर्षी पेणला कारखान्यात द्यावा लागतो. यंदाचा मी कालच देऊन आलो.