पाण्यानंच पाणी उपसलं

विहीर खोदताना सगळ्यात जास्त त्रास कोण देतं, सांगा पाहू? कातळ? छे! कातळाला सुरुंग लावता येतो. त्रास देतं ते पाणी! ज्याच्यासाठी खोदायचं, तेच खोदू देत नाही.

हे मी अकोले तालुक्यातल्या आमच्या शेतात पाहिलंय. तेव्हा मी पाचवीत होतो. आबांनी कर्ज काढून विहीर खोदायला घेतली होती. पाच परसांवर झरा लागला. (एक परस म्हणजे साधारण एका माणसाची उंची.) आबांनी नारळ फोडला, आईनं गूळ वाटला. पण मुकादम म्हणाला, "आबा, एवढ्यानं भागायचं न्हाई. आणखी दोन परस तरी खाली जायला पाहिजे, न्हाईतर उन्हाळ्यात तळ दिसंल."

झालं! रात्रीत विहीर कंबरभर भरायची आणि सकाळी भाड्याचं डिझेल इंजिन लावून ती उपसायची. एक दिवस इंजिनच बंद पडलं. ते दुरुस्त होईपर्यंत मृगाचा पाऊस आला, वरची माती ढासळली, काम थांबलं. कर्ज तेवढं चालू राहिलं. शेजारून ओढा मात्र खळाळत होता. मी म्हटलं, "आबा, हा एवढा फुकट धावतोय, त्यालाच सांगा ना पाणी उपसायला!" सगळे हसले. आबा तेवढे हसले नाहीत.

पुढे कॉलेजच्या वाचनालयात एक पुस्तक हाती लागलं आणि कळलं, माझी युक्ती लोकांनी कधीच करून पाहिली होती! जर्मनीत हार्ट्झ नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथं चांदी-शिशाच्या खाणी होत्या. खाण म्हणजे खोलच खोल विहीर, झरे फुटणारच. तिथल्या लोकांनी डोंगरात तळी बांधली, चर खणून पाणी खाणीपर्यंत आणलं आणि भल्यामोठ्या लाकडी चाकावर सोडलं. चाकाच्या कडेला खण असत. ते भरले की पाण्याच्या वजनानं चाक फिरे. त्याच्या कण्याला जोडलेले लांब दांडे खालीवर होत आणि खाणीतले पंप चालवत.

आता गंमत बघा. साधा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबामुळे, आणि हवा काही पाण्याला दहा मीटरपेक्षा फार वर ढकलू शकत नाही. मग शेकडो मीटर खोल खाणीचं काय? एकावर एक पंप! खालच्यानं हौदात टाकायचं, वरच्यानं तिथून उचलायचं. १५५६ साली छापलेल्या अ‍ॅग्रिकोलाच्या ग्रंथात अशा यंत्रांची चित्रं आहेत. त्यात दोन्हीकडे फिरणारं एक चाकही आहे. त्याच्या खणांच्या दोन उलट ओळी. एका ओळीवर पाणी सोडलं की आपल्या मोटेसारखी चामड्याची पखाल वर येते, दुसरीवर सोडलं की खाली जाते. मला तर ते चाक फारच आवडलं.

पण आमचा ओढा दिवाळीनंतर आटतो, त्याचं काय? उपाय तोच, डोंगरात पाणी साठवणं. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालचं. आणि २००८ मध्ये आमच्याच तालुक्यात, घाटघरला, वीज प्रकल्प सुरू झाला तेव्हा मला ते दोन्हीकडे फिरणारं चाक आठवलं. इथं वरचं तळं घाटमाथ्यावर, खालचं कोकणात, ठाणे जिल्ह्यातल्या चोंढ्याला. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडतात आणि २५० मेगावॅट वीज बनते. मागणी कमी झाली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी पुन्हा वर चढवतात! चढवायला वीज थोडी जास्तच लागते, पण ऐन गरजेच्या वेळी ती हाताशी असते. वीजघर आहे डोंगराच्या पोटात, खाणीसारखं कातळ फोडून केलेलं.

आणि आमची विहीर? दोन उन्हाळे गेले, तेव्हा कुठं विजेची मोटर मिळाली. सातव्या परसावर काम संपलं. आबा काठावर बसून मोटरीचा आवाज ऐकत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सांगितलंस वाटतं ओढ्याला!"