बाह्या सरसावतांना

एखादा मनुष्य जोमानें कामास लागला, हें मराठींत सांगावयाचें झाल्यास 'त्यानें बाह्या सरसावल्या' असें म्हणतात. तो भांडावयास उठला तरीहि तेंच म्हणतात. काम आणि भांडण या दोहोंचा आरंभ एकाच ठिकाणीं, म्हणजे मनगटापाशीं होतो, हें आपल्या पूर्वजांनीं केव्हांच हेरून ठेविलें होतें. आम्हांस भांडणाचा अनुभव थोडा, आणि कामाचा त्याहूनहि थोडा. परंतु बाह्या सरसावण्याचा अनुभव मात्र भरपूर आहे. त्याच भांडवलावर हा विषय आम्हीं या अंकासाठीं निवडला आहे.

प्रथम बाहीची ओळख करून घेऊं. लांब बाह्यांच्या शर्टाची बाही मनगटापाशीं कफांत संपते. कफास गुंडी असते. कफाच्या वर बाहीस जी उभी चीर ठेवलेली असते, तिच्या मधोमध पुष्कळ शर्टांना आणखी एक बारीकशी गुंडी असते. ती कशासाठीं, हें आम्हांस कित्येक वर्षें ठाऊक नव्हतें. शिंप्याजवळ एक गुंडी उरली असेल व ती त्यानें तेथें लावून दिली असेल, अशी आमची समजूत होती. वस्तुतः बाही खालीं असतां चीर उघडी पडून हात दिसूं नये म्हणून ती लावावयाची, आणि बाही वर घ्यावयाची असेल तेव्हां आधीं ती सोडावयाची. ती न सोडतां बाही ओढली तर कापड अडतें, आणि कधीं कधीं गुंडीच तुटून पडते. अशा कित्येक गुंड्या आम्हीं शाळेच्या आवारांत पेरल्या आहेत. उगवली मात्र एकहि नाहीं.

बाह्या वर घेण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिली सर्वांच्या परिचयाची. दोन्ही गुंड्या सोडून कफ उलटा दुमडावा, त्याच रुंदीची दुसरी घडी घालावी, आणि हवी असल्यास तिसरी. घडी कफाच्याच रुंदीची असली म्हणजे कडा जुळतात आणि बाही नीटनेटकी दिसते. दुसऱ्या रीतीस इटालियन रीत असें म्हणतात. तींत कफ उलटा करून, मध्यें घडी न घालतां, सरळ कोंपरापर्यंत न्यावयाचा. मग खालीं राहिलेली उलटी बाही निम्म्यावर दुमडून वर घ्यावयाची. ती कफाच्या खालच्या भागावर बसते, आणि कफाची कड तेवढी वर डोकावत राहते. ही घडी सहसा सुटत नाहीं. पण कफ धरून खालीं ओढला कीं सारी बाही एकदम उलगडते. आमची स्वतःची एक तिसरी रीत होती. बाही तळहातानें कोंपराकडे ढकलीत राहावयाची. ती दर दोन मिनिटांनीं आपल्या मूळ ठिकाणीं परत येई, आणि फळ्यावरील गणित तसेंच राही.

वाचकांस हा विषय क्षुल्लक वाटेल. पण यावर मोठमोठ्यांनीं हुकूम काढलेले आहेत. अमेरिकेच्या मरीन सैनिकांना २०११ सालीं त्यांच्या लढाऊ गणवेशाच्या बाह्या खालींच ठेवण्याचा हुकूम झाला. तो पुष्कळांस रुचला नाहीं, आणि २०१४ सालीं उन्हाळ्यांतल्या गणवेशाच्या बाह्या पूर्ववत् वर घेण्याची मोकळीक मिळाली. इंग्लंडांत २००७ सालीं तेथील आरोग्यखात्यानें रुग्णालयांतील डॉक्टरांसाठीं असें धोरण जाहीर केलें कीं, रोग्यास तपासतांना कोंपराखालीं बाही, घड्याळ कांहींहि असूं नये. हात मनगटासह स्वच्छ धुतां यावे, आणि एका रोग्यास लागलेला कफ दुसऱ्यास लागूं नये, हा त्यांतील हेतु. तात्पर्य, एखाद्याची बाही वर कां आहे किंवा खालीं कां आहे, हें त्याची परिस्थिति जाणल्यावांचून ठरवितां येत नाहीं. ही गोष्ट आम्हांस एका पारितोषिक-समारंभांत, फार लाजिरवाण्या रीतीनें कळली. तीच येथें सांगावयाची आहे.

आमचे वडील (त्यांना आम्ही अण्णा म्हणतों) एका कचेरींत कारकून होते. सकाळीं घरांतून निघतांनाच त्यांच्या बाह्या कोंपरापर्यंत दुमडलेल्या असत, आणि घडी मोठी रेखीव असे. शेजारचे गृहस्थ मनगटापर्यंत गुंड्या लावून निघत. आम्ही वर्गांत मोठ्या फुशारकीनें सांगत असूं कीं, "आमचे अण्णा घरूनच बाह्या सरसावून निघतात, त्यांच्या कामाचा उरकच तसा आहे!"

आम्ही आठवींत असतां आम्हांस निबंधाचें पारितोषिक मिळालें. पारितोषिक घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीं लांब बाह्यांचा पांढरा शर्ट घालून, कफाच्या गुंड्या लावून यावें, अशी सूचना निघाली. तसा शर्ट आमच्याजवळ नव्हता. अण्णांचा एक धडका पांढरा शर्ट ट्रंकेंत होता. तो सणावारींच बाहेर निघे. आईनें तो काढला. आम्हांस त्याच्या बाह्या लांब होत होत्या, म्हणून दंडापाशीं आंतून चुणी घालून टांके घेतले. कफांस खळ लावली, इस्त्री फिरविली. तो शर्ट अंगांत घालून आम्ही आरशासमोर उभे राहिलों तेव्हां पारितोषिकापेक्षां आम्हांस त्या कफांचाच अभिमान अधिक वाटला.

समारंभाच्या सायंकाळीं अण्णा कचेरींतून परस्पर शाळेंत आले. इतर मुलांचे वडील चांगले कपडे करून पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. अण्णा दाराशीं उभे राहिले, आणि त्यांच्या बाह्या नेहमींप्रमाणें वर होत्या. आमच्या शेजारीं बसलेल्या विद्यार्थ्यानें विचारलें, "ते कोण रे? खुर्च्या उचलावयास आलेले दिसतात."

'ठाऊक नाहीं' असें आम्ही म्हणालों नाहीं, एवढेंच. पण 'ते आमचे वडील' असेंहि म्हणालों नाहीं. आम्ही उठलों, दाराशीं गेलों, आणि खालच्या आवाजांत म्हणालों, "अण्णा, आज तरी बाह्या खालीं करा ना. सगळे पाहतात."

अण्णांनीं आमच्याकडे पाहिलें. मग कांहीं न बोलतां त्यांनीं आधीं उजवी आणि मग डावी बाही, एकेक घडी करून उलगडली. दोन्ही कफांच्या कडा झिजलेल्या होत्या व त्यांचे दोरे लोंबत होते. उजव्या कफास गुंडी नव्हती. अण्णांनीं खिसा चांचपून एक टांचणी काढली, ती तेथें लाविली, आणि म्हणाले, "हं, झालें? जा आतां, तुझें नांव पुकारतील."

आमचें नांव पुकारलें गेलें. आम्ही मंचावर गेलों, पुस्तक घेतलें, वांकून नमस्कार केला. मान वर केली तेव्हां दाराशीं अण्णा टाळ्या वाजवीत होते, आणि प्रत्येक टाळीबरोबर ते दोरे हालत होते. आमच्या मनगटावर खळ लावलेला कफ ताठ होता. तोहि त्यांचाच होता. 'अस्तनींतला निखारा' या वाक्प्रचाराचा अर्थ आम्हीं परीक्षेंत अनेकदां बरोबर लिहिला होता. तो निखारा आपल्याच अस्तनींत असूं शकतो, हें मात्र त्या दिवशीं समजलें.

रात्रीं आई तो झिजलेला शर्ट घेऊन दिव्याखालीं बसली होती. आम्हीं म्हटलें, "कड आंत दुमडून शिवतां येणार नाहीं कां?" ती म्हणाली, "दोनदां शिवली आहे. आतां दुमडावयास कापड उरलें नाहीं." आमच्या वर्गांत जो कामाचा उरक म्हणून गाजला होता, त्याचें खरें कारण हें होतें. त्याच वर्षीं आमच्यासाठीं दोन नवीन गणवेश शिवले गेले होते, हेंहि तेव्हांच आठवलें.

क्षमा मागण्यास शब्द सुचेनात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अण्णा निघण्याच्या तयारींत असतां आम्ही जवळ जाऊन म्हणालों, "अण्णा, बाही कशी दुमडतात तें आम्हांस शिकवा." त्यांनीं आमचा हात पुढें घेतला. बारीक गुंडी सोडली आणि कफ उलटविला. "पहिली घडी नीट बसली पाहिजे," ते म्हणाले, "पुढच्या तिच्यावरच बसतात." मग त्यांनीं आपला हात आमच्यापुढें केला, आणि त्यांची बाही आम्हीं दुमडली. दोरे आंत गेले. घडी वांकडी झाली होती. ती तशीच घेऊन ते कचेरींत गेले.

शब्दांनीं क्षमा आम्हीं पुढें आठवड्यानें मागितली. अण्णा हंसून म्हणाले, "अरे, त्या दिवशीं उकाडाहि फार होता. बाह्या वर होत्या तेंच बरें होतें."

पुढल्या समारंभास आपल्यापैकीं पुष्कळांचे आईवडील येतील. कोणी पुढें बसतील, कोणी दाराशीं उभे राहतील. विद्यार्थी-मित्रांनो, त्यांच्यापैकीं कोणाच्या बाह्या वर असतील तर त्या खालीं करण्यास सांगूं नका. जवळ जाऊन उभे राहा, आणि शेजाऱ्यानें विचारल्यास चटकन् उत्तर द्या. आणि घाईंत स्वतःच्या बाह्या सरसावावयाच्या झाल्यास ती बारीक गुंडी आधीं सोडा. ती पुन्हा लावण्यासाठीं घरीं कोणाला तरी रात्रीं दिव्याखालीं बसावें लागतें.