शरीरशास्त्राच्या तासाला

शरीरशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे, असा आमच्या विद्यार्थ्यांचा, आणि त्यांच्याहूनही अधिक पालकांचा, समज असतो. आम्हांस तो मान्य नाहीं. ज्याचें वर्णन वाचावयाचें तें शरीर विद्यार्थी वर्गांत बरोबर घेऊनच येतो. मग आरंभ पुस्तकापासून कां करावा?

डोळ्याचा पाठ आम्ही कागदाच्या चिठोऱ्यावर शिकवितों. डावीकडे फुली, चार बोटें सोडून उजवीकडे ठिपका. डावा डोळा मिटून उजव्यानें फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. एका अंतरावर ठिपका नाहींसा होतो! मज्जातंतु जेथून मेंदूकडे निघतो, तेथें प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. मज्जातंतूंतील संदेशाचा वेग मोजतांच येणार नाहीं असें एके काळीं मोठे शास्त्रज्ञ म्हणत. हेल्महोल्ट्झनें १८५० मध्यें बेडकाच्या तंतूवर तो मोजून दाखविला.

अंतःस्रावी ग्रंथींचें काम मात्र असें डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून तेथें आम्ही टोरांटोची हकीकत सांगतों. बालपणींच्या मधुमेहांत स्वादुपिंडांतून इन्सुलिन स्रवेनासें होतें, साखर रक्तांतच साचते आणि खाऊनही शरीर उपाशी राहतें. पूर्वी असें मूल फार काळ जगत नसे. जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास बँटिंग व बेस्ट यांचा अर्क टोचला. पहिल्या सुईनें फारसा गुण आला नाहीं, कॉलिपनें शुद्ध केलेल्या दुसऱ्या अर्कानें साखर उतरली.

ही हकीकत चालू असतां एकदां नववीची एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "सर, मीही रोज तेंच टोचून घेतें."

तिच्या आईवडिलांनीं हें कोणासही सांगूं नये म्हणून आम्हांस विनविलें होतें. पुढें लग्न जमण्यास अडचण येईल ही भीति. आम्हीं शब्द पाळला होता. परंतु सुई घेतल्यावर जेवणास उशीर झाला तर साखर फार उतरते, हात कांपतात, शुद्धही हरपते. आणि शेजारच्या मुलीस यांतलें कांहींच ठाऊक नसावें, हें आम्हांस सदैव बोचे.

उरलेला तास तिनेंच घेतला. सुई कोठें टोचतात, दुखतें का, हा रोग शिवल्यानें होतो का; प्रश्न थांबेनात.

दुसऱ्या दिवशीं तिचे वडील आले, ते रागावूनच. बराच वेळ बोलले नाहींत. मग तिच्या बाकावर शेजारीं कोण बसतें तें त्यांनीं विचारलें, आणि खिशांतून साखरेची पुडी काढून म्हणाले, "ही त्या मुलीजवळ असूं द्या."